‘स्लॅब पडला’ म्हणजे नेमकं किती काम झालं?

पुण्यात ‘स्लॅब पडला’ या दोन शब्दांचे दोन अर्थ होतात. साइटवरचा सुपरवायझर ‘बारावा स्लॅब पडला’ म्हणतो तेव्हा काम पुढे सरकलेलं असतं आणि पेढे आणायची वेळ झालेली असते. वर्तमानपत्रात तेच शब्द वाचले की पोटात गोळा येतो. बोलणाऱ्याला संदर्भ माहीत असतो, म्हणून आपला घोटाळा होत नाही. संशोधनात मात्र संदर्भ आपोआप सोबत येत नाही, तो लिहावा लागतो. ‘बांधकामाची प्रगती’ हा शब्द प्रस्तावात घालणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आजचा लेख आहे.

नागरी नियोजन, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, बांधकाम व्यवस्थापन, विषय कुठलाही असो, उंच निवासी इमारतींवर काम करणारे आपण बहुतेक जण एका टप्प्यावर तेच करतो. महारेराच्या संकेतस्थळावर जातो, प्रकल्पाची तिमाही माहिती उघडतो, त्यातली टक्केवारी उचलतो आणि एक्सेलमध्ये टाकतो. स्तंभाचं नाव ‘प्रगती’. मग आलेख, मग प्रतिगमन, मग निष्कर्ष. माझं म्हणणं असं की हा तक्ता आधी मजकूर म्हणून वाचला पाहिजे: कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, काय गाळलं. आकडा त्यानंतर. म्हणून हा लेख त्या तक्त्याची समीक्षा आहे.

स्वारगेटहून काय दिसतं

उदाहरणासाठी स्वारगेट घेऊ. जेधे चौकात उभं राहिलं की एसटी स्टँड, उड्डाणपूल, पीएमपीच्या बसेस आणि जमिनीखाली मेट्रोचं स्थानक. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला. मेट्रो आली की आजूबाजूच्या जमिनीचं गणित बदलतं. स्थानकाच्या ५०० मीटर परिघात जादा एफएसआय देण्याचं धोरण आहे, आणि मुकुंदनगर, गुलटेकडी, सहकारनगर, बिबवेवाडी या भागांतल्या जुन्या सोसायट्यांमध्ये पुनर्विकासाची चर्चा नाही असा गणेशोत्सव जात नाही. संशोधनासाठी परिसर चांगला आहे: जुना, दाट, आणि बदलत असलेला.

आता रस्त्यावरून एखाद्या टॉवरचं काम बघा. सुरुवातीचे कित्येक महिने फक्त पत्रे दिसतात. पत्र्यांच्या आड खोदकाम, बेसॉल्टचा खडक फोडणं, पाया, तळघरातलं पार्किंग, जोतं. बाहेरच्याला त्यातलं काही कळत नाही. मग एक दिवस पत्र्यांच्या वर सळया दिसतात आणि त्यानंतर मजले मोजता येतात. शेवटचा स्लॅब झाला की बाहेरून पुन्हा सगळं थांबल्यासारखं वाटतं, कारण काम आत गेलेलं असतं: भिंती, गिलावा, फरशी, नळ, वायरिंग, लिफ्ट.

म्हणजे रस्त्यावरून दिसते ती फक्त मधली अवस्था. बिल्डरचे ड्रोनचे व्हिडिओ, बँकेचा माणूस भेट देऊन लिहितो तो अहवाल, घर घेतलेल्या कुटुंबाने रविवारी गेटबाहेरून काढलेला फोटो, या सगळ्यांचा जीव त्या मधल्या अवस्थेत असतो. कारण तिथेच मोजण्यासारखं काहीतरी असतं. जे मोजता येतं तेच महत्त्वाचं, असं मग हळूहळू वाटू लागतं.

तक्त्याचं श्रेय आधी

टीका करण्याआधी एक गोष्ट मान्य करू. रिअल इस्टेट कायदा २०१६ चा, आणि महाराष्ट्रात महारेराचं काम १ मे २०१७ पासून सुरू झालं. त्याआधी आपल्याकडे १९६३ चा मोफा कायदा होता. त्यात बिल्डरवर बंधनं होती, पण एखादी इमारत कुठवर आली हे सर्वांना बघता येईल अशी नोंद कुठेच नव्हती. माहिती हवी तर साइट ऑफिसमध्ये जायचं, चहा प्यायचा, आणि ‘दिवाळीपर्यंत होईल’ हे ऐकून परत यायचं. कुठली दिवाळी, हे विचारायचं नाही.

आज नोंद आहे. कायद्याच्या कलम ११ नुसार प्रवर्तकाने दर तिमाहीला माहिती अद्ययावत करायची असते. कलम ४ नुसार ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायची, आणि ती काढायची तर काम जितकं झालं त्या प्रमाणात. ते प्रमाण वास्तुविशारद, अभियंता आणि सनदी लेखापाल अशा तिघांनी प्रमाणित करायचं. २०२३ मध्ये तिमाही माहिती न भरणाऱ्या शेकडो प्रकल्पांची नोंदणी महारेराने स्थगित केली, आणि त्याच वर्षी १ ऑगस्टपासून जाहिरातींवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. संशोधकाच्या नजरेतून ही मोठीच सोय आहे. घरबसल्या, फुकट, तारीखवार.

पण या वाक्यांत तक्त्याचा हेतूही लिहिलेला आहे. हा तक्ता जन्माला आला तो खात्यातून किती पैसे काढता येतील हे ठरवण्यासाठी. इमारत किती उभी राहिली हे सांगणं हे त्याचं दुय्यम काम. ही गोष्ट विसरली की पुढचे सगळे घोळ सुरू होतात.

एक टॉवर, तीन टक्केवाऱ्या

तिघांचे फॉर्म वेगळे आहेत. फॉर्म १ वास्तुविशारदाचा. त्यात इमारतीची कामं ओळीने दिलेली असतात: खोदकाम, तळघर, जोतं, पोडियम, स्टिल्ट, वरचे स्लॅब, आतल्या भिंती आणि गिलावा, फरशी, दारं-खिडक्या, नळ-सॅनिटरी, जिने, लिफ्टचे खड्डे, बाहेरचा गिलावा, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, लिफ्ट, पंप, अग्निशमन. प्रत्येक कामासमोर झालेल्या कामाचे टक्के. दुसऱ्या तक्त्यात रस्ते, सांडपाणी, पावसाळी गटारं अशी सामायिक कामं.

फॉर्म २ अभियंत्याचा. तो कामाचं मोजमाप खर्चात करतो: अंदाजित खर्च किती, झालेला खर्च किती, त्याचं प्रमाण किती.

फॉर्म ३ सनदी लेखापालाचा. तो खर्चात जमिनीची किंमतही धरतो. जमीन किंवा विकसन हक्कांचा मोबदला, टीडीआर, प्रीमियम, सरकारी शुल्क, आणि त्यावर बांधकामाचा खर्च, कर्जाचं व्याज वगैरे.

आता एक काल्पनिक हिशेब करू. शहराच्या मध्यभागातला प्रकल्प, म्हणून जमीन महाग. जमिनीचे ८० कोटी, बांधकाम व इतर खर्च १२० कोटी, एकूण २०० कोटी. जमिनीचे पैसे पूर्ण दिलेत. बांधकामावर १२ कोटी झालेत. अभियंत्याच्या हिशेबाने काम १० टक्के. लेखापालाच्या हिशेबाने ८० अधिक १२ म्हणजे ९२ कोटी, भागिले २००, म्हणजे ४६ टक्के. वास्तुविशारदाच्या फॉर्ममध्ये खोदकाम १०० टक्के, तळघर ६० टक्के, जोतं शून्य, बाकी सगळं शून्य. एकच टॉवर, एकच दिवस. १० टक्के खरं, ४६ टक्केही खरं, आणि ‘जोतंसुद्धा नाही’ हेही खरं. कोणी खोटं बोललेलं नाही.

कायद्याच्या दृष्टीने यात चूक काहीच नाही. वेगळं खातं हे जमीन आणि बांधकाम अशा दोन्ही खर्चांसाठी आहे, म्हणून लेखापाल दोन्ही धरतो. घोळ होतो तो आपल्याकडे, जेव्हा आपण या तिघांपैकी एक आकडा उचलतो आणि वर ‘प्रगती’ असं लिहितो. त्यातही स्वारगेटचा प्रकल्प आणि शहराच्या कडेचा प्रकल्प यांची तुलना लेखापालाच्या आकड्यावर केली, तर मध्यभागातली बांधकामं ‘लवकर पुढे जातात’ असा निष्कर्ष निघेल. प्रत्यक्षात पुढे गेलेली असेल ती जमिनीची किंमत.

खर्च झाला म्हणजे काम झालं असं नाही, हे बांधकाम व्यवस्थापनात जुनं आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६७ मध्ये आपल्या कंत्राटदारांसाठी खर्च आणि वेळापत्रकाच्या नियंत्रणाचे निकष काढले. आज ज्याला ‘अर्न्ड व्हॅल्यू’ पद्धत म्हणतात तिचं मूळ तिथे आहे. त्यात तीन आकडे वेगळे ठेवतात: आजपर्यंत किती काम व्हायला हवं होतं, किती झालं, आणि त्यावर खर्च किती झाला. यातला पहिला आकडा काढायला मूळ वेळापत्रक लागतं. आपल्या तीन फॉर्मांत दुसरा आणि तिसरा सापडतो. पहिला तुम्हाला करारातली ताब्याची तारीख आणि नोंदणीतली पूर्णत्वाची तारीख बघून स्वतः उभा करावा लागतो.

सत्तरचा आकडा

दुसरा लोकप्रिय स्रोत म्हणजे हप्त्यांचा तक्ता. महाराष्ट्राच्या २०१७ च्या नियमांसोबत विक्री कराराचा नमुना आहे. त्यात ग्राहकाकडून कुठल्या टप्प्याला एकूण जास्तीत जास्त किती घ्यायचं ते दिलंय. करार झाल्यावर ३० टक्के. जोतं झाल्यावर ४५. पोडियम-स्टिल्टसह सगळे स्लॅब झाल्यावर ७०. भिंती, आतला गिलावा, फरशी, दारं-खिडक्या झाल्यावर ७५. सॅनिटरी, जिने, लिफ्टचे खड्डे, लॉबी झाल्यावर ८०. बाहेरचं प्लंबिंग, गिलावा, गच्चीचं वॉटरप्रूफिंग झाल्यावर ८५. लिफ्ट, पंप, वीज वगैरे झाल्यावर ९५. उरलेलं भोगवटा किंवा पूर्णत्वाचा दाखला आल्यावर, ताबा देताना.

समजा सदनिका ९० लाखांची आहे. जोतं होईपर्यंत पंचेचाळीस लाख... असं घाईने म्हणाल तर चुकाल. ४५ टक्के म्हणजे ४० लाख ५० हजार. सगळे स्लॅब झाल्यावर ६३ लाख. ताब्याच्या दिवशी ग्राहकाच्या हातात राहतात साडेचार लाख. नमुन्यात स्लॅबनिहाय तुकडे नाहीत, पण प्रत्यक्ष करारांत बहुतेकदा पाडलेले असतात. २४ स्लॅब धरले तर ४५ ते ७० मधले २५ टक्के २४ ने भागायचे, म्हणजे दर स्लॅबला एक टक्क्याहून किंचित जास्त, साधारण ९४ हजार रुपये. डिमांड लेटर येतं, बँक हप्ता सोडते, प्री-ईएमआय वाढतो, आणि सध्याच्या घराचं भाडं चालूच असतं. ‘स्लॅब पडला’ या शब्दांचा हा तिसरा अर्थ, आणि घर घेणाऱ्याला सगळ्यात आधी तोच कळतो.

आता रस्त्यावरून काय दिसतं ते आठवा. पहिले ४५ टक्के पत्र्यांआड जातात. शेवटचे ३० टक्के भिंतींआड जातात. डोळ्यांनी मोजता येतात ते मधले २५.

आणि तरीही ‘सत्तर टक्के पैसे दिले म्हणजे सत्तर टक्के काम झालं’ असं लोक सहज म्हणतात, आणि काही प्रबंधही तसंच धरून चालतात. तक्ता तसं म्हणत नाही. किमतीत जमीन, परवानग्या, नफा सगळं आलं, म्हणून सुरुवातीचे हप्ते जड आहेत. हा जोखीम कोणी कधी उचलायची याचा तक्ता आहे. तो तसाच वाचला तर उलट जास्त उपयोगी आहे. फक्त ५ टक्के हातात असलेला ग्राहक भोगवटा प्रमाणपत्रासाठी किती जोर लावू शकतो, हा प्रश्न ‘किती टक्के काम झालं’ यापेक्षा संशोधनासाठी कितीतरी चांगला आहे.

यात अजून एक खोच आहे, ती बांधकामाच्या पद्धतीची. जुन्या पद्धतीत कॉलम-बीम-स्लॅबचा सांगाडा आधी होतो, मग विटा किंवा ब्लॉकच्या भिंती, मग गिलावा. माइवान म्हणतात त्या अ‍ॅल्युमिनियम फॉर्मवर्कमध्ये भिंती आणि स्लॅब एकदमच ओततात, आणि आतल्या जाड गिलाव्याची गरज फारशी उरत नाही. म्हणजे ‘सगळे स्लॅब झाले’ या एकाच ओळीत एका इमारतीत भिंती उभ्या आहेत आणि दुसरीत नुसता सांगाडा आहे. दोन्हींचा आकडा सत्तर. तुमच्या नमुन्यात दोन्ही प्रकारच्या इमारती असतील आणि पद्धतीचा स्तंभ नसेल, तर तुम्ही आंबा आणि कैरी एकाच पाटीत घालून भाव काढताय.

खालचा आकडाही हलतो

टक्केवारी म्हणजे अपूर्णांक, आणि आपण सगळे वरच्या आकड्याकडे बघतो. इथे खालचाही हलतो. जादा एफएसआय किंवा टीडीआर मिळाला, सुधारित नकाशा मंजूर झाला आणि २० मजल्यांचे २४ झाले, तर १५ स्लॅबची इमारत एका रात्रीत ७५ टक्क्यांवरून साडेबासष्टवर येते. कामगारांनी एक पाटीही कमी टाकलेली नसते. अंदाजित खर्च वाढवून लिहिला तरी टक्केवारी खाली येते, कमी लिहिला तर वर जाते. एकाच भूखंडावरचे टप्पे वेगवेगळे नोंदवलेले असतील, तर पहिल्या टप्प्याचे १०० टक्के झाले तरी क्लबहाउस शेवटच्या टप्प्यात असू शकतं.

म्हणून टक्केवारी कधीच एकटी उतरवून घेऊ नका. अंश आणि छेद दोन्ही घ्या, तारखेसह. पुढच्या तिमाहीत छेद बदलला असेल तर तीच बातमी आहे.

आणि रेषा सरळ ताणू नका. समजा जानेवारीच्या सुरुवातीला सहावा स्लॅब होता, जूनच्या सुरुवातीला अठरावा. पाच महिन्यांत १२ स्लॅब. उरलेले सहा अडीच महिन्यांत, म्हणजे ऑगस्टच्या मध्यापर्यंत इमारत तयार? स्लॅब तयार, इमारत नाही. बांधकामाचा आलेख सुरुवातीला सपाट, मध्ये चढा आणि शेवटी पुन्हा सपाट असतो, लोळलेल्या एस अक्षरासारखा. आपण मोजमाप नेमकं चढावर करतो, कारण तिथेच दिसतं, आणि मग तोच वेग शेवटापर्यंत टिकेल असं धरतो. घर घेणाऱ्यांचीही फसगत इथेच होते. शेवटच्या सपाट भागात लिफ्टचा परवाना, अग्निशमनचा अंतिम दाखला, पाण्याची आणि ड्रेनेजची जोडणी, महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र अशी कामं असतात. ती काँक्रीटने होत नाहीत, फायलीने होतात. फाइलची उंची रस्त्यावरून मोजता येत नाही.

सात दिवस आणि अठ्ठावीस दिवस

आता तक्त्यात काय नाही ते बघू. काँक्रीटची ताकद २८ दिवसांच्या क्यूबवरून ठरते, हे आपण डिप्लोमाच्या पहिल्या वर्षात शिकतो. आयएस ४५६:२००० या मानकात सेंट्रिंग कधी काढायचं याचे किमान दिवसही आहेत. साधं पोर्टलँड सिमेंट असेल आणि तापमान १५ अंशांखाली जात नसेल, तर साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस. सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे १४ दिवस, त्यापुढे २१. क्युरिंग साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, कोरड्या-उष्ण हवेत १० दिवस.

अ‍ॅल्युमिनियम फॉर्मवर्कने आठवडा-दहा दिवसांत एक मजला चढतो. सात दिवसांचं चक्र धरलं, तर एका स्लॅबच्या २८ दिवसांच्या क्यूबचा निकाल हातात येईपर्यंत वर आणखी चार स्लॅब झालेले असतात. यात आपोआप धोका आहे असं नाही. खालचे टेकू ठेवून, लवकरच्या दिवसांचे क्यूब फोडून, योग्य मिक्स वापरून हे नीट करता येतं आणि चांगल्या साइटवर करतातही. मुद्दा नोंदीचा आहे. प्रगतीचा आकडा आधी येतो, गुणवत्तेचा पुरावा मागून येतो, आणि लोकांसमोर असलेल्या तक्त्यात दुसऱ्यासाठी ओळच नाही. फॉर्म १ मध्ये ‘स्लॅब १०० टक्के’ लिहिता येतं. तो स्लॅब हनीकोंब न होता भरला का, क्यूब पास झाले का, टेकू किती दिवस होते, हे लिहायला जागा नाही. कायद्याच्या कलम १४ मध्ये संरचनात्मक दोषांची ५ वर्षांची जबाबदारी आहे, म्हणजे कायद्याला गुणवत्ता माहीत आहे. तक्त्याला नाही.

तक्त्यात नसलेली माणसं

२९ जुलै २०१६ रोजी बालेवाडीत बांधकाम चालू असलेल्या इमारतीत वरच्या मजल्याच्या स्लॅबचं काम सुरू असताना तो कोसळला आणि ९ मजुरांचा मृत्यू झाला. ३ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री येरवड्याच्या शास्त्रीनगरमध्ये स्लॅबसाठी उभारलेली लोखंडी जाळी कोसळून ५ मजूर गेले. २९ जून २०१९ च्या पहाटे कोंढव्यात सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडली आणि १५ जण मृत्युमुखी पडले, त्यात लहान मुलंही होती.

प्रगतीच्या तक्त्यात अशा दिवसाची नोंद कशी दिसेल? एखाद्या तिमाहीत काम पुढे सरकलं नाही, एवढीच. आलेखात तो सपाट तुकडा पावसाळ्यामुळेही येऊ शकतो, परवानगी रखडल्यामुळेही येऊ शकतो आणि माणसं मेल्यामुळेही. आकडा तिन्हींना सारखंच लेखतो. तुम्ही ‘विलंब’ मोजायला निघालात आणि विलंबाची कारणं विचारली नाहीत, तर तुमचा प्रबंधही सारखंच लेखेल.

दुसरी गाळलेली माणसं म्हणजे पुनर्विकासातले जुने रहिवासी. विक्रीच्या सदनिका असल्या की प्रकल्पाची नोंदणी होते, पण तक्ता बघतो तो विकत घेणाऱ्याच्या बाजूने. जुना सभासद घर विकत घेत नाही. तो आपलं घर पाडायला देतो, विकसन करारावर सही करतो आणि भाड्याने राहायला जातो. फॉर्म ३ मध्ये पुनर्वसन योजनेतल्या इमारतीचा खर्च, रहिवाशांच्या संक्रमण निवाऱ्याचा किंवा त्याऐवजी दिलेल्या भाड्याचा खर्च हा सगळा कुठल्या शीर्षाखाली येतो माहितेय? जमिनीच्या खर्चाखाली. हिशेबाच्या भाषेत ते बरोबरच आहे. जमीन मिळवण्यासाठी ते करावं लागतं. पण वाचकाने क्षणभर थांबावं. एका आजीआजोबांचं भाड्याच्या घरातलं तिसरं वर्ष या तक्त्यात जमिनीची किंमत म्हणून उभं आहे. त्यांचं घर किती टक्के झालं, याला वेगळी ओळ नाही.

उपग्रह आहेच की!

चर्चासत्रात हे मांडलं की कोणीतरी हमखास म्हणतं, ‘सॅटेलाइट इमेज वापरा.’ वापरा, पण आधी हिशेब करा. सेंटिनेल-२ ची चित्रं फुकट मिळतात आणि दर पाच दिवसांनी येतात, पण त्यांचा चौकोन १० मीटरचा आहे. वरून उंची दिसत नाही, म्हणून सावली मोजायची. पुण्यात डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात स्थानिक सौर वेळेनुसार सकाळी साडेदहाच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून साधारण ४३ अंशांवर असतो, म्हणजे सावली उंचीच्या जवळपास १.१ पट. एक मजला ३ मीटरचा, तर सावली वाढते सव्वातीन मीटर, चौकोनाचा तिसरा हिस्सा. एक चौकोन पुरता बदलायला तीन मजले चढावे लागतात. हे झालं मोकळ्या माळावर. दाट वस्तीत सावली शेजारच्या इमारतीवर पडून मोडते. मे महिन्याच्या मध्याला पुण्यात शून्य सावली दिवस येतो, त्या सुमारास सावलीच तोकडी. जूनपासून ढग. म्हणजे वर्षाचे चार-सहा महिने ही पद्धत आंधळी. खोदकाम सुरू झालं का, भूखंड मोकळा झाला का, एवढ्यासाठी ती उत्तम आहे. स्लॅब मोजायला नाही.

ड्रोन उडवायचा विचार असेल तर आधी २०२१ चे ड्रोन नियम आणि हवाई क्षेत्राचा नकाशा बघा. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आहे, हे पुणेकराला वेगळं सांगायला नको.

मग करायचं काय

तक्ता टाकून द्या असं मी म्हणत नाही. त्याच्याकडून जे काम होतं तेच करून घ्या. प्रस्ताव लिहिताना एवढं तरी करा.

एक, ‘प्रगती’ हा शब्द एकटा वापरू नका. कामाची प्रगती, खर्चाची प्रगती, पैशांच्या वसुलीची प्रगती आणि परवानग्यांची प्रगती, असे चार स्तंभ ठेवा. चौघांमधलं अंतर कधी वाढतं आणि कधी मिटतं, हाच बहुतेकदा तुमचा खरा शोध असेल.

दोन, दर तिमाहीची नोंद त्याच तिमाहीत जतन करा. मागाहून बदललेला छेद ओळखायचा तो एकच मार्ग आहे.

तीन, रस्त्यावरची एक सार्वजनिक जागा ठरवा आणि ठरावीक दिवशी तिथूनच फोटो काढा. वहीत तारीख, दिसलेले स्लॅब, पत्रे-जाळीमुळे न दिसलेला भाग, आणि काम चालू होतं की बंद, एवढं लिहा. ‘दिसलं नाही’ ही पण नोंद आहे, तिथे शून्य लिहू नका. मजुरांचे चेहरे टिपू नका, गेटच्या आत विचारल्याशिवाय जाऊ नका.

चार, महापालिकेचे टप्पे वेगळे लावा: बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, जोते तपासणी, भोगवटा प्रमाणपत्र. स्लॅबच्या तारखा आणि या तारखा एकाच रेषेवर मांडल्या की शेवटचा सपाट भाग किती लांब आहे ते कळतं.

पाच, निदान काही जणांशी बोला: घर घेतलेलं एक कुटुंब, पुनर्विकासातला एक जुना सभासद, एक सेंट्रिंगवाला, एक साइट इंजिनिअर. चौघांनाही एकच प्रश्न विचारा, ‘इमारत कुठवर आली?’ एक जण डिमांड लेटर सांगेल, दुसरा भाड्याचे महिने, तिसरा मजला, चौथा क्यूबचे निकाल. उत्तरं जुळवायला बघू नका. ती का जुळत नाहीत, यावर तुमचं प्रकरण लिहून होईल.

तोंडी परीक्षेत कोणीतरी तुमच्या आलेखावर बोट ठेवून विचारेल, ‘हे ६२ टक्के कशाचे?’ त्या प्रश्नाचं उत्तर आकडेवारीच्या पॅकेजमध्ये नाही. ते प्रस्तावाच्या दुसऱ्या पानावर, व्याख्यांच्या परिच्छेदात लिहावं लागतं, आणि तेही आलेख काढायच्या आधी.